जांभळ्या फुलांची वाट: पारोळ्याहून भद्रवाहला जायचं तर किती पैसे लागतात?

मे महिना संपत आला की पारोळ्यात दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही. आखाजी होऊन गेलेली असते, झाडांचे झोके उतरलेले असतात, माहेरी आलेल्या लेकी सासरी परतलेल्या असतात. वावरं नांगरून तापत पडलेली आणि सगळ्यांचे डोळे मृगाकडे लागलेले. नेमक्या याच दिवसांत मोबाइलवर डोंगरउतारावरच्या जांभळ्या रांगांची चित्रफीत फिरू लागते. खाली लिहिलेलं असतं, ‘भारतातला लॅव्हेंडर महोत्सव’. मग घरोघरी दोन प्रश्न निघतात. पहिला, तिथे जायला खर्च किती येतो? दुसरा, हेच आपल्या वावरात लावलं तर?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर रुपयांत देता येतं आणि ते मी खाली देतो. दुसऱ्याचं उत्तर एका ओळीचं आहे: लावू नका. पण त्या एका ओळीवर लाखभर रुपये अवलंबून असतात, म्हणून त्यालाही जागा देणार आहे.

आधी हा उत्सव काय आहे ते नीट समजून घेऊ. फ्रान्सच्या प्रोव्हांस भागात लॅव्हेंडरचे उत्सव रुजलेले आहेत. सो नावाच्या गावात दर वर्षी १५ ऑगस्टला असा एक भरतो, विळ्याने हाती कापणी करण्याची स्पर्धा लागते. आपल्याकडचा उत्सव अगदी तरुण आहे. जम्मूच्या डोडा जिल्ह्यात भद्रवाह नावाचं डोंगरातलं गाव आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे सोळाशे मीटरवर. तिथला शेतकरी मका करायचा, पण थोड्या जमिनीत मक्याचे पैसे होत नव्हते. जम्मूच्या भारतीय एकात्मिक औषध संस्थेने, म्हणजे सीएसआयआरच्या प्रयोगशाळेने, ‘अरोमा मिशन’खाली त्यांना लॅव्हेंडरची रोपं दिली. पहिल्यांदा लावणाऱ्यांना फुकट, नंतरच्यांना रोपामागे पाच-सहा रुपये घेऊन. तेल काढायची यंत्रंही गावांजवळ बसवली. टिपरी, लेहरोट ही त्या लागवडीतली गावं. २०२२ च्या मे अखेर तिथे पहिला लॅव्हेंडर महोत्सव झाला, २०२३ मध्ये जूनच्या सुरुवातीला दुसरा. ‘जांभळी क्रांती’ हे नाव तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी आलं. २०२४ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात सीएसआयआरचा चित्ररथही याच विषयावर होता.

यातून तुमच्या कामाची गोष्ट अशी की महोत्सव हा एक-दोन दिवसांचा सरकारी आणि शेतकऱ्यांचा मेळावा असतो. शास्त्रज्ञ, अधिकारी, तेलाचे खरेदीदार, शेतकऱ्यांचे स्टॉल, ऊर्ध्वपातनाचं, म्हणजे वाफेने तेल काढण्याचं, प्रात्यक्षिक असं त्याचं रूप. तारीख फार आधी जाहीर होत नाही. फुलं मात्र एका दिवसाची नसतात, जूनभर ती शेतात असतात आणि पुढे कापणी सुरू होते. म्हणून तिकीट महोत्सवाच्या तारखेवर काढू नका, फुलांच्या हंगामावर काढा. मेळावा सापडला तर उत्तम, नाही सापडला तरी शेत तेच आणि गर्दी कमी. जुलै उजाडल्यावर गेलात तर मात्र कापलेल्या झुडपांचे नुसते गड्डे दिसण्याची शक्यता धरा.

जायचा हिशोब

खाली मी दोन माणसांचा, नवरा-बायकोचा, हिशोब मांडतो. भाडी आणि दर बदलतात, म्हणून आकडे मी गोल आणि थोडे वरचेच धरले आहेत. निघण्याआधी प्रत्येक आकडा एकदा ताडून घ्या.

पारोळा ते जळगाव साध्या एसटीने शंभर रुपयांच्या आसपास. बाईमाणसाला २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि पंच्याहत्तरीच्या पुढे फुकट. आधार कार्ड जवळ हवं. जाऊन-येऊन दोघांचे तीनशे रुपये धरा. धुळ्याकडे जाऊ नका, जम्मूची थेट गाडी जळगावहून मिळते.

ती गाडी म्हणजे झेलम एक्स्प्रेस, पुण्याहून संध्याकाळी निघणारी. मनमाड, चाळीसगाव करत ती जळगावला मध्यरात्रीनंतर येते. इथेच दर वर्षी कुणीतरी फसतं. ३१ मेच्या रात्री घरून निघायचं असेल तर जळगावहून तुमच्या प्रवासाची तारीख १ जून लागते. तिकिटावर ३१ मे घातलं तर तुम्ही स्टेशनवर पोहोचाल तेव्हा तुमची गाडी एक दिवस आधी निघून गेलेली असेल. तिकीट हातात आल्यावर पहिली तारीख वाचा, नाव नंतर.

जळगाव ते जम्मू तवी अंतर सतराशे किलोमीटरच्या घरात. स्लीपरचं भाडं माणशी सव्वासातशे, थर्ड एसीचं पावणेएकोणीसशे असं मी धरतो. दोघांचं जाऊन-येऊन स्लीपरला २,९०० आणि थर्ड एसीला ७,५०० झाले. प्रवास तेहतीस-चौतीस तासांचा आणि मध्ये भोपाळ, आग्रा, दिल्लीचं जूनमधलं ऊन. माझं स्पष्ट मत आहे की साठीच्या पुढची माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर वरचे ४,६०० रुपये इथेच घालावेत आणि हॉटेलात वाचवावेत. पाच ते बारा वयाच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं, पाचाच्या आतल्याला वेगळा बर्थ घेतला नाही तर पडत नाही. ज्येष्ठांची रेल्वे सवलत २०२० च्या मार्चपासून बंद आहे, त्यामुळे ‘आजोबांचं अर्ध्यात करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका.

गाडीतलं खाणं घरून न्या. दशम्या, शेव, लसणाची चटणी, भाजलेले शेंगदाणे दीड दिवस छान टिकतात. चहा-पाण्याला आणि एखाद्या जेवणाला दोन्ही वेळचे मिळून हजार रुपये पुरतात.

जम्मूला पोहोचलात की त्याच दिवशी पुढे निघू नका. भद्रवाहचा रस्ता दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, उधमपूर, बटोत, डोडा करत चिनाबच्या दरीकाठाने जातो आणि सहा-सात तास खातो. दुपारी निघालं की शेवटचा घाट अंधारात येतो. जम्मूत एक मुक्काम, पंधराशे रुपये. सकाळी लवकर बस किंवा शेअर सुमो धरा. माणशी सातशे धरले तर दोघांचे येऊन-जाऊन २,८००. भद्रवाहला साधं स्वच्छ हॉटेल दोन हजारांत मिळतं असं धरून तीन रात्रींचे सहा हजार. जम्मूची रात्र मिळवून राहण्याचे साडेसात हजार झाले.

जेवणाला माणशी रोजचे पाचशे, पाच दिवस, दोघांचे पाच हजार. राजमा-भात तिथे रोजचा आहे आणि भद्रवाहच्या राजम्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. दाणा छोटा, शिजल्यावर लोण्यासारखा. चार दिवसांनंतर आपल्या माणसाला भाकरी आठवतेच, पण शाकाहारी माणूस तिथे उपाशी राहत नाही.

स्थानिक गाडी हा सगळ्यात लवचिक खर्च. शेतं गावाबाहेर उतारांवर आहेत आणि जई, पदरी यांसारखी कुरणं आणखी लांब. दोन दिवस पूर्ण गाडी घेतली तर दिवसाला अडीच हजार, म्हणजे पाच हजार. किरकोळीला दीड हजार.

आता बेरीज. एसटी ३००, रेल्वे २,९००, वाटखर्च १,०००, डोंगरातला प्रवास २,८००, मुक्काम ७,५००, जेवण ५,०००, स्थानिक गाडी ५,०००, किरकोळ १,५००. एकूण २६,०००. माणशी तेरा हजार. थर्ड एसीने गेलात तर ३०,६००. खरेदी यात नाही.

सहा जण मिळून गेलात तर स्थानिक गाडीचे तेच पाच हजार सहांत वाटले जातात आणि माणशी खर्च सव्वाअकरा हजारांच्या आसपास येतो. म्हणून भिशीतल्या तीन जोड्यांनी मिळून जावं, असं मी सुचवेन. सहापेक्षा जास्त झालात की दोन गाड्या लागतात आणि हा फायदा संपतो.

शेतकऱ्यासाठी दिवसांचं गणित पैशांपेक्षा अवघड आहे, म्हणून तेही सांगतो. १ जूनला मध्यरात्रीनंतर जळगावहून बसलात तर २ ला जम्मू, ३ ला भद्रवाह. तीन रात्री तिथे. ६ ला पहाटे निघून संध्याकाळी जम्मू, रात्रीची परतीची गाडी, ८ जूनला घर. मृग लागतो तेव्हा तुम्ही दारात असता. शाळाही तोवर उघडलेल्या नसतात. हा आठवडा सोडून दुसरा कुठलाही काढलात तर एक तर पेरणी बुडते, नाही तर फुलं.

बरोबर काय न्यायचं त्यातली एकच गोष्ट पैशांइतकी महत्त्वाची आहे. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. घरातलं किमान एक सिम निघण्याआधी पोस्टपेड करून घ्या. ऑनलाइन पैसे देण्यावर भिस्त ठेवून निघालात आणि फोनच मुका झाला तर डोंगरात पंचाईत होते. पाच-सहा हजार रोख वेगवेगळ्या खिशांत ठेवा. जूनमध्येही तिथे रात्री स्वेटर लागतो, हे पारोळ्याच्या उन्हात बॅग भरताना खरं वाटत नाही, पण स्वेटर भरा.

आणि सुरक्षेचं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामचा हल्ला झाला, त्यानंतर जम्मू-काश्मीरमधली अनेक पर्यटनस्थळं काही काळ बंद ठेवली गेली. भद्रवाह पहलगामपासून लांब आहे, तरी निघण्याच्या आठवड्यात हॉटेलला फोन करून रस्ता आणि कुरणं खुली आहेत का ते विचारा. हॉटेलचे पैसे आगाऊ पूर्ण देऊ नका. एका रात्रीचे द्या, बाकीचे पोहोचल्यावर.

पॅकेज घेणार असाल तर

जळगाव-धुळ्याच्या बाजारात उन्हाळ्यात काश्मीरच्या सहलींच्या जाहिराती लागतात आणि आता त्यांत लॅव्हेंडरचा फोटो असतो. जाहिरात पाहिली की पहिला प्रश्न तारखेचा विचारा. मार्च-एप्रिलमध्ये श्रीनगरला ट्यूलिप असतात, लॅव्हेंडर नसतं. एप्रिलच्या सहलीत कुणी जांभळी शेतं दाखवणार असेल तर तो फोटोच दाखवणार आहे. दुसरा प्रश्न गावाचा. लॅव्हेंडर काश्मीर खोऱ्यातही आहे, अनंतनाग जिल्ह्यात सिरहामा इथे सरकारी शेत आहे. पण श्रीनगरला जाणारी सहल भद्रवाहला जात नाही, त्या दोन वेगळ्या वाटा आहेत. शेताचं नाव, गावाचं नाव आणि तिथे थांबायचे तास कागदावर लिहून घ्या. ‘वेळ मिळाल्यास’ हे शब्द दिसले की तो थांबा नाहीच असं समजा.

पावती जीएसटी क्रमांकाची मागा. शब्द मोडला गेला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथे भागलं नाही तर जळगावचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. वकील लावावाच लागतो असंही नाही, साध्या कागदावर हकिकत आणि पावत्या पुरतात. आपल्याकडे माणूस ‘जाऊ द्या, सहल होती’ म्हणून सोडून देतो. पंचवीस-तीस हजार ही कापसाच्या तीन-चार क्विंटलची किंमत आहे, ती सोडून देण्यासारखी नाही.

तेल घेताना

शेतात पोहोचलात की ऊर्ध्वपातन जरूर पाहा. कापलेल्या फुलोऱ्याच्या पेंढ्या स्टीलच्या मोठ्या टाकीत दाबून भरतात, झाकण आवळतात, खालून वाफ सोडतात. वाफ नळीतून थंड पाण्याच्या वेटोळ्यात जाते आणि दुसऱ्या टोकाला धार लागते. धार पाण्यासारखीच दिसते. भांडं भरत आलं की वर एक पिवळसर पातळ थर तरंगू लागतो, बोटभरसुद्धा जाड नसतो. तो थर म्हणजे तेल. शंभर किलो फुलोऱ्याला किलोभराच्या आसपास. खाली उरतं ते सुगंधी पाणी, तेही विकलं जातं आणि स्वस्त मिळतं. हा थर एकदा डोळ्यांनी पाहिला की बाटलीची किंमत का आहे ते कुणाला समजवावं लागत नाही.

या तेलाला शेतकऱ्याच्या पातळीवर लिटरला दहा हजार रुपये आणि त्याच्या वर भाव सांगितला जातो. दहा हजाराने धरलं तर दहा मिलिलिटरचं तेल शेतावरच शंभर रुपयांचं झालं. वर बाटली, लेबल, तपासणी, नफा. त्यामुळे दहा मिलिलिटरला तीनशे ते पाचशे हा मला रास्त दर वाटतो. शंभर मिलिलिटर अडीचशे रुपयांत कुणी देत असेल तर ते लॅव्हेंडर नाही, हे ताडायला रसायनशास्त्र लागत नाही, तिसरीतलं गणित पुरतं. आणखी एक बारकावा: हे तेल पाण्याहून हलकं आहे, लिटरभर तेल किलोला सुमारे सव्वाशे ग्रॅम कमी भरतं. कुणी भाव किलोने सांगून माल लिटरने देत असेल तर तो फरक तुमच्या खिशातून जातो.

गेल्या वर्षी एका प्रदर्शनातून आमच्या नात्यातल्या एका वहिनींनी अशीच मोठी बाटली आणली. वास भरभरून होता. आम्ही कोऱ्या कागदावर त्याचा एक थेंब टाकला आणि शेजारी घरातल्या शेंगदाणा तेलाचा एक. रात्रभर कागद खिडकीत ठेवला. सकाळी दोन्ही डाग तसेच होते, गोल, पारदर्शक, तेलकट. अस्सल सुगंधी तेल उडून जातं, डाग ठेवत नाही, ठेवलाच तर अगदी पुसट. वहिनींच्या बाटलीत साधं तेल आणि वास होता. ही परीक्षा करायला खर्च शून्य आहे, पण ती एकच भेसळ पकडते. कृत्रिम रसायनांनी केलेला वास कागदावरून अस्सल तेलासारखाच उडतो. मोठी खरेदी असेल तर तेलाचा जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) तपासणी अहवाल मागा, त्यात लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट या दोन घटकांची टक्केवारी असते. चांगला उत्पादक तो मागताच काढून दाखवतो. बाटली गडद काचेची हवी, प्लॅस्टिकची नको.

तेल पोटात घेऊ नका, अंगाला नुसतं लावू नका, खोबरेल तेलात दोन-चार थेंब मिसळून लावा. तान्ह्या मुलापासून लांब ठेवा.

भेट म्हणून न्यायला मला वाळलेल्या फुलांची पुरचुंडी जास्त आवडते. कपाटात ठेवली की साड्यांना कितीतरी दिवस वास राहतो आणि भेसळीची धास्ती नाही. शेतावर थेट शेतकऱ्याकडून घ्या. शेत खाजगी असतं, आत शिरण्याआधी विचारा, फुलं तोडू नका आणि फोटो काढून झाल्यावर काहीही न घेता निघून येऊ नका. त्याच्या पोटाचं पीक आहे ते. उभ्या कपाशीत कुणी फोटोसाठी शिरलं तर आपल्याला कसं वाटेल, तेवढं मनाशी धरलं की पुरे. किलोभर राजमाही घ्या, अडीचशे-तीनशे रुपये पडतील.

आणि रोपं? रोपं आणू नका

या लेखातला माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे.

लॅव्हेंडरला थंडी लागते. हिवाळ्यात गारठून झोपायचं आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला फुलायचं, हा त्याचा स्वभाव. त्याला निचऱ्याची, हलकी, चुनखडीची उताराची जमीन आवडते. पारोळ्याची काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, हीच तिची कापसासाठीची ताकद आहे आणि हेच लॅव्हेंडरचं मरण. मूळ कुजतं. त्याआधी मेमधलं बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन असतंच. आमच्या शेजारच्या काकूंनी कुंडीत दोन रोपं लावली होती, उन्हाळाभर सावलीत जपली. श्रावणात पाऊस लागून राहिला आणि पंधरा दिवसांत दोन्ही करड्या काड्या झाल्या. काकू एवढंच म्हणाल्या, ‘आपली माटीमा हाई टिकाव नई.’ कृषी पदवीधराने दिलं असतं तेच उत्तर त्यांनी दिलं.

तरीही ‘एकरी लाखोंचं उत्पन्न’ म्हणत रोपं विकणारे फिरतात. त्यांचा हिशोब आपण त्यांच्याआधी करून ठेवू. एकरी आठ हजार रोपं धरा. भद्रवाहमध्ये सरकारी दराने ती पाच-सहा रुपयांना, म्हणजे चाळीस ते अठ्ठेचाळीस हजारांत पडतात. तेच रोप इथे कुणी वीस रुपयांना लावलं तर एक लाख साठ हजार. ठिबक, मशागत वेगळी. हातात पैसे यायला चांगल्या हवेतसुद्धा दोन-तीन वर्षं जातात. आणि समजा पीक आलंच, तर तेल काढायची यंत्रणा कुठे आहे? फुलोरा कापून बाजार समितीत नेता येत नाही. ‘माल आम्हीच विकत घेऊ’ असं म्हणणाऱ्याला तो करार मुद्रांकावर, भावासकट, लिहून मागा आणि कागद तालुका कृषी अधिकाऱ्यांना दाखवा. बहुतेक वेळा माणूस पुन्हा फिरकत नाही.

हे लिहिताना मला वाईट एका गोष्टीचं वाटतं. सुगंधी तेल हा खान्देशाला नवा धंदा नाही. आपल्या सातपुड्याच्या पायथ्याला आणि पिंपळनेर-नंदुरबारकडच्या डोंगरांत रोशा गवत, म्हणजेच तिखाडी, आपोआप उगवतं. ब्रिटिश काळात, १८८० च्या खान्देश गॅझेटियरमध्ये, या गवतापासून तेल काढण्याच्या धंद्याची नोंद आहे. पावसाळा सरला की गवत फुलोऱ्यावर येई, कापून लोखंडी कढईत पाण्याबरोबर उकळत, वाफ बांबूच्या नळीतून तांब्याच्या भांड्यात उतरवत. भद्रवाहच्या स्टीलच्या टाकीत जे चालतं तेच, फक्त नळी बांबूची. ते तेल मुंबईहून तांबड्या समुद्राच्या बंदरांमार्गे तुर्कस्तानपर्यंत जाई, तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई आणि युरोपच्या बाजारात त्याला ‘तुर्की जिरेनियम तेल’ असं नाव पडलं. खान्देशाच्या गवताला तुर्कांचं नाव. आजही या तेलाला, पामरोजा या नावाने, अत्तर आणि साबणाच्या धंद्यात मागणी आहे.

तेव्हा ज्याला सुगंधी पिकातच उतरायचं आहे त्याने तिखाडी, गवती चहा, वाळा यांची चौकशी करावी. ही आपल्या उन्हाची पिकं आहेत. लखनौच्या सीमॅप संस्थेकडे यांच्या सुधारित जाती आहेत आणि अरोमा मिशनमध्ये त्यांचाही समावेश आहे. पण इथेही तोच नियम: आधी जवळचं ऊर्ध्वपातन यंत्र शोधा, मग खरेदीदार, रोपं शेवटी. एकट्याने करू नका, पंधरा-वीस शेतकऱ्यांचा गट असेल तरच यंत्राचा खर्च पेलतो. भद्रवाहची सहल शेतकऱ्याने करावी ती हे पाहण्यासाठी. रोपापेक्षा तिथली मांडणी पाहा. संस्था शेजारी आहे, यंत्र गावात आहे, शेतकरी एकत्र आहेत.

ज्यांना केवळ फुलं पाहायची आहेत आणि तेरा हजार जमत नाहीत, त्यांनी मन मोडू नये. साताऱ्याजवळचं कासचं पठार सप्टेंबरात फुलतं, प्रवेशाचे माणशी शंभर-दीडशे रुपये, ऑनलाइन नोंदणी. एसटीच्या सवलतीत जाऊन-येऊन दोन मुक्कामांसह जोडप्याचं आठ-नऊ हजारांत भागू शकतं. ती फुलं कुणी लावलेली नाहीत, पठाराची स्वतःची आहेत.

पण जूनमध्ये भद्रवाहला जायचं ठरलं असेल तर एक तारीख दिनदर्शिकेवर आत्ताच लाल करून ठेवा. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं आणि दिवस गाडी जिथून निघते त्या स्टेशनपासून मोजतात. १ जूनला मध्यरात्रीनंतर जळगावला येणारी झेलम पुण्याहून ३१ मेला सुटते. तिचं आरक्षण १ एप्रिलला सकाळी आठ वाजता उघडतं.